नेमेसिस तोच, पाठलाग कुठे गेला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"माझं वय ३७. २००१ च्या मे महिन्याच्या सुट्टीत, कोल्हापूरला मामाकडे, मी आणि माझा मामेभाऊ 'रेसिडेंट ईव्हिल ३' हा झॉम्बींचा हॉरर गेम खेळलो. म्हणजे खेळायचा दादा. मी शेजारी वही घेऊन नकाशे काढायचे, कोड्यांची उत्तरं लिहून ठेवायचे. पोलीस स्टेशनसमोर नेमेसिस हा राक्षस पहिल्यांदा येतो तिथे लढायचं की आत पळायचं, यावरून आमचं दर वेळी भांडण. आता दादा टोरांटोला असतो. गेल्या महिन्यात वाढदिवसाला त्याने मला त्याच गेमचा २०२० चा रिमेक पाठवला. दोन संध्याकाळींत संपला. दिसायला सुरेख आहे, पण मला काहीच झालं नाही. भीती नाही, आनंदही नाही. दादा विचारतो, 'कसा वाटला?' मी 'मस्त' म्हणते आणि विषय बदलते. माझा पंधरा वर्षांचा भाचा त्याच रिमेकवर फिदा आहे. तो म्हणतो, 'मावशी, तुला गेम नकोय, तुला तुझं लहानपण हवंय.' त्याचं खरं आहे का? दादाला काय सांगू? आणि 'सायलेंट हिल २' चा नवा रिमेक घ्यावा, की तोही असाच निघेल?"
— एक वाचक, नाशिक

नमस्कार ताई,

भाच्याचं अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करून टाकू. मे महिना, मामाचं घर, कीबोर्ड धरून बसलेला दादा, आणि ऐन वेळी लाइट गेले की सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात. हे तुम्हाला कुणीच परत आणून देऊ शकणार नाही. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मी भाच्याच्या बाजूला जाता जाता थांबलो. 'तेव्हा मजा यायची' एवढंच लिहून तुम्ही थांबला नाहीत. पोलीस स्टेशनसमोरची ती जागा लिहिलीत, लढायचं की पळायचं हे लिहिलंत. नुसत्या आठवणींनी हळवं झालेल्या माणसाला जुनं सगळंच गोड लागतं. तुम्हाला एक नेमकी जागा टोचते आहे, आणि ती जागा रिमेकमध्ये खरोखरच नाही.

१९९९ च्या मूळ गेममध्ये काय होतं ते आठवून बघा. रॅकून सिटीत मेलेली माणसं उठून चालायला लागली आहेत, आणि जिल व्हॅलेंटाइन एकटी शहराबाहेरची वाट शोधते आहे. पोलीस स्टेशनसमोर तिचा सहकारी ब्रॅड धडपडत येतो आणि तिच्या डोळ्यांदेखत नेमेसिस त्याला संपवतो. तिथे खेळ थबकतो, पडदा पांढुरका होतो, दोन पर्याय येतात: राक्षसाशी लढ, किंवा आत पळ. विचार करायला वेळ अगदी मोजका. असे प्रसंग पुढेही येत राहायचे, त्यांच्यामुळे कथेची वळणं बदलायची, शेवटही एकच ठरलेला नव्हता. ३ एप्रिल २०२० ला कॅपकॉम या मूळ कंपनीनेच आणलेल्या रिमेकमधून ही निवडीची सगळी सोय काढून टाकली आहे. म्हणजे तुम्ही आणि दादा ज्या गोष्टीवरून भांडत होता ती गोष्टच गेमात उरली नाही. आज दादा तुमच्या शेजारी येऊन बसला असता तरी भांडायला कारण नव्हतं.

पण माझ्या मते निवडी गेल्या हे या रिमेकचं मोठं दुखणं नाही. मोठं दुखणं दारांशी आहे.

हे गेम मुळात जुन्या प्लेस्टेशनसाठी घडवलेले, आणि त्याची मुख्य मेमरी अवघी २ एमबी होती. पुढची खोली सीडीवरून वाचून होईपर्यंत पडद्यावर काहीतरी दाखवणं भाग होतं, म्हणून १९९६ च्या पहिल्या 'रेसिडेंट ईव्हिल' पासून काळ्या पार्श्वभूमीवर एक दार सावकाश उघडताना दिसायचं. ती यंत्राची अडचण होती. पण खेळणाऱ्यांनी त्यातून एक नियम शिकून घेतला: दार ओलांडलं की मागचं मागे राहतं. खोलीत कितीही झॉम्बी असोत, दारापर्यंत पोचलात की सुटलात. पहिले दोन भाग खेळलेल्यांच्या हाडामासांत हा नियम मुरला होता. मग १९९९ साली नेमेसिस आला. तुम्ही दार ओलांडलंत, ते सावकाश उघडणारं दार दिसलं, तुम्ही श्वास सोडलात, आणि पाठोपाठ तो त्याच दारातून आत. मला वाटतं, त्या काळी नेमेसिस ज्याला ज्याला भेटला त्याला त्याचा चेहरा तितका आठवत नसेल जितकं ते दार आठवत असेल.

हॉरर गेम घाबरवतो तो असा. आधी तो तुम्हाला एक वचन देतो, तुम्हाला त्या वचनावर विसंबायला शिकवतो, आणि मग एका बेसावध क्षणी ते मोडतो. राक्षस हे वचन मोडण्याचं साधन असतं. रिमेक करणाऱ्यांच्या हाती राक्षस लागतो, कारण तो चित्रात दिसतो, जाहिरातीत झळकतो, चाहते त्याच्या बाहुल्या विकत घेतात. वचन मात्र दिसत नाही, म्हणून ते राहून जातं.

तुमच्या रिमेकमध्ये तेच झालं. आजच्या यंत्राला खोल्यांच्या मध्ये थांबावं लागत नाही, दारं सरळ उघडतात, मग दाराचं वचनही नाही आणि ते मोडणंही नाही. याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही, काळ पुढे गेला. पण मग त्या जागी दुसरं काहीतरी वचन द्यायला हवं होतं. रिमेकमध्ये सुरुवातीला शहराच्या एका छोट्या भागात नेमेसिस तुमच्या मागे मोकळा हिंडतो, तेवढा वेळ गेम खरंच जिवंत होतो. त्यानंतर तो येतो तो बहुतेक ठरलेल्या प्रवेशांपुरता. लांब सरळ रस्ता दिसला, संगीत चढलं, कॅमेरा वळला, की आपण ओळखतो: आता पळायचं. पळतो, आणि प्रसंग संपतो.

लहानपणच्या लपाछपीतलं सांगतो. ज्याच्यावर राज्य असतं तो भिडू वीसपर्यंत मोजतो हे आपल्याला माहीत असतं, तरी पोटात गोळा येतो, कारण मोजणं थांबल्यावर तो कोणत्या बाजूने येईल ते कळत नाही. जुन्या गेममध्येही नेमेसिसच्या येण्याच्या जागा बऱ्याचशा ठरलेल्याच होत्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्या आपल्याला ठाऊक नव्हत्या, आणि एकदा आला की तो कुठवर मागे येईल ते कळत नव्हतं. रिमेकमधला नेमेसिस राज्य घेतलेल्या भिडूसारखा वागत नाही, तो वरातीसारखा येतो. लांबूनच ऐकू येतो, आपण बाजूला होतो, तो निघून जातो.

याहून जास्त चुटपुट लागते ती एका गोष्टीने. हे कसं करायचं ते याच कंपनीला माहीत होतं, आणि सव्वा वर्षापूर्वीच त्यांनी ते करून दाखवलं होतं. जानेवारी २०१९ मध्ये आलेला 'रेसिडेंट ईव्हिल २' चा रिमेक घ्या. त्यातला मिस्टर एक्स हा पाठलाग करणारा राक्षस १९९८ च्या मूळ गेममध्ये फक्त दुसऱ्या फेरीत भेटायचा. रिमेकमध्ये तो पहिल्याच फेरीत तुमच्या मानगुटीवर बसतो. अख्खं पोलीस स्टेशन सलग जोडलेलं आहे आणि त्याच्या बुटांचा आवाज कधी वरच्या मजल्यावरून, कधी भिंतीपलीकडून येत राहतो. तुम्ही कोडं सोडवत असता आणि कान छताकडे असतात. मधल्या मोठ्या दालनात गेम सेव्ह करायचा टाइपरायटर आहे, तुम्ही तिथे पुन्हा पुन्हा परतता, ती जागा घरासारखी वाटायला लागते, आणि एके दिवशी तो तिथेही दार ढकलून येतो. वचन दिलं, मोडलं. कॅमेरा बदलला, दारं गेली, तरी भीती राहिली. (जुन्या चाहत्यांनी यालाही नावं ठेवली. मूळ गेममध्ये लिऑन आणि क्लेअर या दोन मुख्य पात्रांच्या फेऱ्या एकमेकींत जशा गुंतलेल्या होत्या तशा इथे नाहीत, हे खरंच आहे. पण रात्री दिवा लावून झोपायला लावण्याचं काम या गेमने चोख केलं.)

आणि सगळ्यांत मोठं उदाहरण त्याहीपेक्षा जुनं आहे. २००२ साली शिंजी मिकामी यांनी स्वतःच आपल्या १९९६ च्या गेमचा रिमेक निन्टेंडोच्या गेमक्यूब या यंत्रासाठी केला. मूळ गेम खेळलेल्या प्रत्येकाला एक बोळ पाठ होता: तिथून जाताना खिडक्या फोडून कुत्रे आत उड्या मारतात. रिमेकमध्ये तुम्ही जीव मुठीत धरून त्या बोळात पाऊल टाकता, काच नुसती तडकते, कुत्रे येतच नाहीत. ते येतात नंतर, तुम्ही त्यांना विसरल्यावर. शिवाय मारलेला झॉम्बी जाळला नाही किंवा त्याचं डोकं उडवलं नाही, तर तो काही वेळाने लाल होऊन उठतो, आधीपेक्षा कितीतरी चपळ. आणि रॉकेल मोजकंच. म्हणजे प्रत्येक मढ्याजवळ उभं राहून विचार करायचा, याला जाळू की ते रॉकेल पुढच्यासाठी ठेवू? 'मेलेलं मेलेलंच राहतं' हे वचन सहा वर्षं खेळाडूंनी उराशी बाळगलं होतं, ते मिकामींनी मोडलं. जुना खेळाडू काय जाणतो हे या रिमेकला ठाऊक होतं, आणि नेमकं तिथेच त्याने त्याला गाठलं. चांगला रिमेक म्हणजे काय असं कुणी मला विचारलं तर मी हाच पुढे ठेवतो.

आता 'दोन संध्याकाळींत संपला' याबद्दल. लांबीवर रागावू नका, मूळ गेमही काही फार लांब नव्हता. पण निवडींमुळे तो पुन्हा पुन्हा खेळला जायचा, आणि शहरात फिरायला जागा होती. घड्याळाचा मनोरा आठवतो? तुमच्या वहीत त्याची पानंच्या पानं असणार. आत शिरा, कोडी सोडवा, हेलिकॉप्टर बोलवायला घंटा वाजवा, आणि सुटका समोर दिसत असताना नेमेसिस ते हेलिकॉप्टरच पाडतो. रिमेकमध्ये त्या मनोऱ्याच्या पुढ्यात एक मारामारी होते, मनोरा मागे देखाव्यापुरता उभा. बाग गेली, बागेजवळचा तो प्रचंड किडा गेला. 'मर्सिनरीज' नावाचा जादा खेळ गेला आणि त्या जागी 'रेझिस्टन्स' हा वेगळा ऑनलाइन गेम जोडून दिला, जो तुमच्यासारख्या माणसाने मागितलेला नव्हता.

हे का होत असावं? माझा तर्क सांगतो. जुन्या गेममध्ये खोली म्हणजे आधीच काढून ठेवलेली काही चित्रं. आज एक खोली म्हणजे प्रत्येक टेबल, प्रत्येक सावली सगळ्या बाजूंनी घडवायची. खर्च वाढला की कात्री आधी लागते ती निम्म्या लोकांना कदाचित दिसणारच नाही अशा गोष्टीला: वेगळं वळण, वेगळा शेवट, उगाच फिरायला ठेवलेली बाग. आणि भीती तर अशाच जागांमध्ये वस्ती करून असते. ही अडचण मला समजते. पण पूर्ण किंमत घेऊन अपुरा गेम हाती दिला की चाहते चिडणार, आणि ते चिडले यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

रिमेकच्या बाजूनेही बोलायला हवं. जिल इथे खूप जास्त माणूस वाटते. मूळ गेममधला जरासा पोकळ कार्लोस, जिलचा साथीदार, इथे मनात राहतो. हॉस्पिटलचा भाग मूळ गेमपेक्षा सरस आहे असं मी म्हणेन. मी हा गेम टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात खेळलो. रस्ते ओस पडलेले आणि पडद्यावर साथीने पोखरलेलं शहर. त्यातली सुरुवातीची पळापळ तेव्हा मला खोलवर लागली होती. म्हणून भाच्याला तो आवडला यात नवल नाही. त्याला दाराचं वचन कुणी दिलेलंच नाही, मग ते हरवल्याची चुटपुट त्याला कुठून लागणार? त्याच्याशी वाद घालू नका. 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरू होणारं वाक्य पंधरा वर्षांच्या मुलाच्या कानात शिरत नाही. हे गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहेत, तेव्हा पुढचं काही देण्याआधी ताईला विचारा. ती हो म्हणाली तर त्याला २०१९ चा 'रेसिडेंट ईव्हिल २' द्या, आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. वरच्या मजल्यावर बूट वाजायला लागले की तो आपणहून तुमच्याकडे बघेल.

'सायलेंट हिल २' बद्दल: घ्या, पण कोणता ते नीट बघून. या मालिकेच्या १९९९ च्या पहिल्या गेममध्ये धुकं आलं तेही यंत्राच्या अडचणीपोटी. जुन्या प्लेस्टेशनला लांबचं शहर दाखवणं झेपत नव्हतं, म्हणून ते धुक्यात आणि अंधारात झाकलं. राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरतो, पण तो कुठे आहे हे धुकं सांगत नाही. २००१ च्या दुसऱ्या गेममध्ये तेच धुकं एका माणसाच्या मनाचं धुकं झालं. तीन वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोचं पत्र येतं आणि तो तिला शोधायला त्या गावात जातो, यापुढे मी काही सांगत नाही. २०१२ मध्ये या मालिकेच्या कोनामी कंपनीने दुसरा आणि तिसरा गेम एकत्र करून 'एचडी कलेक्शन' काढलं, त्यापासून मात्र लांब राहा. काम करणाऱ्या स्टुडिओच्या हाती मूळ गेमचा अंतिम कोडच नव्हता. धुकं विरळ झालं, जे झाकायला ते होतं तेच उघडं पडलं, आणि एका पाटीवर मूळ अक्षरं जाऊन कॉमिक सान्स या पोरकट वळणाच्या फॉन्टची अक्षरं आली. एक्सबॉक्सवर ते दुरुस्त करणंही कंपनीने सोडून दिलं. चाहत्यांचा विश्वास कसा उडतो ते समजायला ती एक पाटी पुरे आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेला रिमेक पोलंडच्या ब्लूबर टीमने केला. घोषणा झाली तेव्हा जुने चाहते धास्तावले होते, मीही त्यांत होतो. आमची धास्ती खोटी ठरली याचा मला मनापासून आनंद आहे. मूळ गेमचे संगीतकार अकिरा यामाओका आणि राक्षसांचे चित्रकार मासाहिरो इतो दोघंही या कामात होते. आजच्या यंत्रांना धुक्याची गरज नाही, तरी धुकं दाट ठेवलं, कारण ते कशासाठी होतं हे करणाऱ्यांना कळलं होतं. कॅमेरा आता पाठीमागून चालतो, मारामारी वाढली आहे, गेमही मूळच्या मानाने बराच लांबला आहे. सुरुवातीच्या इमारतींमध्ये तर मला तो रेंगाळल्यासारखा वाटला. तरी घ्या. आणि हा एकटीने खेळा. आजारपण, मृत्यू आणि अपराधाची बोच यांवरचा गेम आहे, भाच्यासाठी नाही.

राहिला दादा. त्याला 'मस्त' म्हणून तुम्ही त्याचं मन राखताय, पण तो पुन्हा पुन्हा विचारतोय याचा अर्थ त्याला ते पटलेलं नाही. त्याने स्वतः खेळला असेल तर कदाचित त्यालाही तेच वाटलं असेल, आणि भेट दिल्यावर ते बोलायचं कसं म्हणून तो तुमच्या तोंडून ऐकायची वाट बघत असेल. त्याला सरळ फोन करा. गेम वाईट आहे असं सांगू नका. सांगा, 'दादा, यात आपलं भांडणच नाही रे.' त्याला कळेल.

मग त्याला वेळ मागा. १९९९ चा मूळ गेम २०२४ पासून गॉग (GOG) या ऑनलाइन गेम-दुकानात मिळतो, आजच्या विंडोजवर चालेल असा, आणि महागही नाही. तुमच्याकडे रविवारी सकाळचे नऊ वाजतात तेव्हा टोरांटोत शनिवारची रात्र असते, साडेदहा किंवा साडेअकरा, ऋतूप्रमाणे. व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवता येतो. या वेळी कीबोर्ड तुम्ही घ्या आणि वही त्याच्या हाती द्या. पहिली दहा मिनिटं चिडचीड होईल. वरचं बटण दाबलं की जिल वर जात नाही, तिचं तोंड ज्या बाजूला आहे तिकडे चालते, आणि इतक्या वर्षांनी हाताला ते लगेच जमत नाही. दोन-तीन वेळा मराल. थांबू नका, पोलीस स्टेशनसमोर फार लवकर पोचता.

तिथे पडदा पांढरा झाला की दादा ओरडेल. त्याचं ऐकलंत की तुमचंच खरं केलंत, ते मला कळवा.